रसायनशास्त्राच्या पदवीबरोबर मध्यम स्तराची स्पॅनिश

परकीय भाषेचा प्राथमिक वर्ग पूर्ण करणारे विद्यार्थी कोल्हापुरात बरेच भेटतात. नमस्कार, ओळख, बाजारहाट, घड्याळातील वेळ आणि घरातील माणसे इतके बोलता आले की प्रमाणपत्र हाती पडते आणि बहुतेकांचा प्रवास तिथेच थांबतो. मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. करत असताना विद्यापीठाच्या भाषा-अभ्यासक्रमातून स्पॅनिशचा त्यापुढचा, म्हणजे मध्यम स्तर पूर्ण केला. विज्ञान शाखेतील विद्यार्थ्याला हे झेपते का, आणि झेपवायचे तर कशाच्या आधारावर, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर तोंडी दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मध्यम स्तर म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘कौन्सिल ऑफ युरोप’ या संघटनेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीत भाषाज्ञानाचे ए१ पासून सी२ पर्यंत सहा स्तर केलेले आहेत, आणि त्यांतील बी१ हा मध्यम स्तराचा उंबरठा मानला जातो. ए२ पर्यंत विद्यार्थी मुख्यतः मागतो आणि विचारतो: पाणी मागतो, रस्ता विचारतो, किंमत विचारतो. बी१ वर त्याला सांगावे लागते. काय घडले, ते घडत असताना आजूबाजूला काय चालू होते, आपल्याला त्याविषयी काय वाटते, का वाटते, पुढे काय व्हावे अशी इच्छा आहे, हे सगळे सलग वाक्यांत मांडता आले पाहिजे. प्राथमिक वर्गात पाठ केलेली वाक्ये इथे फारशी कामास येत नाहीत, कारण समोरच्याचा पुढचा प्रश्न कोणता असेल हे ठरलेले नसते. पुष्कळ विद्यार्थी याच टप्प्यावर वर्ग सोडतात. मला वाटते, त्यामागे बुद्धीची कमतरता नसते. आपण पुढे जात आहोत हे रोज दिसेनासे होते, एवढेच कारण असते.

पदवीचे वेळापत्रक भाषेचा विचार करून केलेले नसते. सकाळी व्याख्याने, दुपारी प्रॅक्टिकल आणि सत्र संपत आले की जर्नल, सबमिशन व तोंडी परीक्षा यांची रांग लागते. भाषेचा वर्ग संध्याकाळी असे, आणि प्रॅक्टिकल लांबले की बस गाठण्याची धावपळ होई. एका सत्रात दोन्ही परीक्षांचे दिवस एकमेकांवर आले. भाषा विभागाच्या मॅडमांनी तोंडी परीक्षेची वेळ बदलून दिली म्हणून निभावले. या धावपळीतून एक गोष्ट मात्र मी पक्की शिकले. रसायनशास्त्रातील राहून गेलेले प्रकरण एखाद्या रविवारी बैठक मारून भरून काढता येते, पण भाषेचे तसे होत नाही. तिला रोज थोडा वेळ द्यावाच लागतो. म्हणून मी सकाळी रंकाळ्यावर चालताना कानात स्पॅनिश ऐकणे आणि रात्री जर्नल पूर्ण झाल्यावर अर्धे पान लिहिणे, एवढाच नेम ठेवला. सत्र परीक्षेच्या काळात लिहिणे बंद पडे, पण ऐकणे मी बंद पडू दिले नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. आपल्याकडे स्पॅनिश इंग्रजीच्या मार्गाने शिकवली जाते. पाठ्यपुस्तके इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेली असतात, स्पष्टीकरणे इंग्रजीत असतात आणि विद्यार्थी मनातल्या मनात मराठीतून इंग्रजीत व इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये असा वळसा घेत राहतो. प्राथमिक स्तरावर या वळशाचा फारसा त्रास होत नाही. मध्यम स्तरावर मात्र तो अतिशय महागात पडतो, कारण या स्तरावरची जी प्रकरणे इंग्रजी भाषकांना अवघड जातात, त्यांतील कित्येक मराठी भाषकाने शाळेच्या व्याकरणात आधीच शिकलेली असतात. हे माझ्या लक्षात आले तेव्हापासून मी स्वतःची वही मराठीत ठेवू लागले, आणि माझा अभ्यास खऱ्या अर्थाने तिथे सुरू झाला.

‘आवडणे’ या क्रियापदाचेच पाहा. ‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणजे मला आंबा आवडतो, ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलते, आवडणाऱ्या माणसाप्रमाणे नाही. आमच्या पुस्तकात या रचनेसाठी पानेच्या पाने खर्ची घातली होती, कारण इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता असतो. मराठी माणूस मात्र ही रचना बोलायला लागल्यापासून वापरत असतो. मला वाटते, मला दुखते, मला पुरते, मला उरते, मला जमते या साऱ्या क्रियापदांचे जे वळण आहे, तेच स्पॅनिशमध्ये मोठ्या समूहाला लागू पडते. हे एकदा ध्यानात आले की नवे क्रियापद भेटल्यावर ते ‘मला’ गटातले आहे की ‘मी’ गटातले, एवढेच वहीत टिपावे लागते.

दुसरे उदाहरण कर्माचे आहे. ‘मी पुस्तक पाहिले’ असे आपण म्हणतो, पण ‘मी मुलाला पाहिले’ म्हणताना ‘ला’ लावतो. स्पॅनिशमध्ये अगदी हाच भेद ‘आ’ या शब्दाने केला जातो. पुस्तक पाहिले तर ‘आ’ लागत नाही, विशिष्ट माणूस पाहिला तर लागतो. वर्गात हा नियम ‘माणसांसाठीचा आ’ म्हणून फळ्यावर लिहिला गेला आणि पाठ करावयास सांगितला गेला. मराठी बोलणाऱ्याला तो पाठ करण्याची गरजच नाही. स्वतःचे वाक्य मराठीत म्हणून पाहिले की बहुतेक वेळा उत्तर मिळते.

भूतकाळाचा प्रश्न याहून मोठा आहे आणि बी१ च्या परीक्षेत त्याला फार महत्त्व असते. स्पॅनिशमध्ये साध्या भूतकाळाची दोन रूपे आहेत. एकाने घडून संपलेली घटना सांगतात, दुसऱ्याने सवय, पार्श्वभूमी किंवा चालू असलेली क्रिया. ‘लहानपणी आम्ही पन्हाळ्याला जात असू’ आणि ‘त्या रविवारी आम्ही पन्हाळ्याला गेलो’ या दोन मराठी वाक्यांतील फरक कोणाही कोल्हापूरकराला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्यात ‘इबामोस’ येते, दुसऱ्यात ‘फुइमोस’. ‘मी जेवत होते तेव्हा फोन आला’ या वाक्यातही जेवणे एका रूपात जाते आणि फोन येणे दुसऱ्यात. शाळेत ज्याला आपण रीतिभूतकाळ आणि अपूर्ण भूतकाळ म्हणून शिकतो, ते दोन्ही स्पॅनिशमध्ये बहुतांशी एकाच रूपात सामावतात. इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी इथे प्रत्येक वाक्याला अडखळतो, कारण इंग्रजीचा साधा भूतकाळ दोन्ही कामे करतो.

आणि मग येतो तो ‘सुबखुंतिवो’, ज्याच्या नुसत्या नावाने विद्यार्थी धास्तावतात. इच्छा, आशा, विनंती, शंका, गरज यांच्या छायेत असलेल्या क्रियापदाचे स्पॅनिशमध्ये वेगळे रूप होते. ‘तू येतोस’ यातील येणे वेगळे आणि ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ यातील येणे वेगळे. दुसऱ्या ठिकाणी स्पॅनिश ‘किएरो के बेंगास’ म्हणते आणि मराठी विध्यर्थ वापरते. यावे, करावे, व्हावे, मिळावे ही आपल्या नित्याची रूपे आहेत. प्रार्थनांपासून सरकारी अर्जांपर्यंत सगळीकडे ती आढळतात. ‘अभिक्रिया लवकर पूर्ण व्हावी अशी आशा आहे’ हे वाक्य मनात मराठीत तयार झाले की पुढचे स्पॅनिश क्रियापद कोणत्या रूपात जाणार हे आपोआप कळते.

हा आधार कुठे संपतो हेही सांगितले पाहिजे, नाहीतर वाचकाची दिशाभूल होईल. ‘तो घरी असावा’ या वाक्यात आपण विध्यर्थाचे रूप अंदाजासाठी वापरतो. स्पॅनिश तिथे भविष्यकाळ वापरते. उलट ‘घरी पोचले की फोन करीन’ या वाक्यात आपण भूतकाळाचे रूप योजतो, पण पोचणे अजून व्हायचे असल्यामुळे स्पॅनिश तिथे सुबखुंतिवो मागते. अशा जागा मी वहीच्या मागच्या बाजूला वेगळ्या लिहून ठेवल्या होत्या आणि परीक्षेच्या आधी तेवढीच पाने वाचली. जिथे दोन्ही भाषा जुळतात तिथे वेळ घालवू नये आणि जिथे त्या वेगळ्या होतात तिथेच सर्व मेहनत करावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

लिंगाच्या बाबतीत कोल्हापूरच्या मुलींचा एक खास प्रश्न आहे. आमच्याकडे घरात आणि मैत्रिणींत मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ असेच बोलतात; ‘मी आले’ हे पुस्तकात आणि व्यासपीठावर. स्पॅनिशमध्ये क्रियापदाला लिंग नसते, त्यामुळे ‘आलो’ आणि ‘आले’ हा पेच तिथे सुटतो. परंतु विशेषणाला लिंग असते, आणि थकलेली मुलगी स्वतःविषयी ‘कान्सादा’ म्हणते, ‘कान्सादो’ नाही. बोलण्याच्या ओघात स्वतःसाठी स्त्रीलिंगी विशेषण तोंडात बसायला मला आणि माझ्या मैत्रिणींना वेळ लागला. मॅडम मूळच्या पुण्याच्या असल्यामुळे त्यांना आधी याचे कारण कळेना. आम्ही घरचे बोलणे ऐकवल्यावर त्यांनी आमच्यासाठी विशेषणांचे स्वतंत्र तोंडी सराव तयार केले.

मराठीचा आधार मुळीच नसलेली प्रकरणेही आहेत. आपल्याकडे एकच ‘आहे’ आहे, स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे आहेत. कायमचे असेल तिथे पहिले आणि तात्पुरते असेल तिथे दुसरे, हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम मला मान्य नाही, कारण मेलेला माणूस आणि फुटलेला चंबू या दोहोंसाठी ‘एस्तार’ वापरतात आणि त्यात तात्पुरते काहीही नाही. इथे मला रसायनशास्त्र उपयोगी पडले. आम्ही पदार्थाचा गुणधर्म आणि पदार्थाची अवस्था यांत रोज फरक करतो. शिसे जड आहे हा गुणधर्म, तिथे ‘सेर’. पाणी गरम आहे, द्रावण गढूळ आहे, नळी तुटलेली आहे या कोणत्यातरी प्रक्रियेनंतरच्या अवस्था, तिथे ‘एस्तार’. ही विभागणी सर्व ठिकाणी पुरत नाही, परंतु कायम आणि तात्पुरते या विभागणीपेक्षा ती कितीतरी विश्वासार्ह आहे. ‘पोर’ आणि ‘पारा’ (दोन्हींचा अर्थ ढोबळमानाने ‘साठी’) यांतील फरकासाठी मात्र मला असा कोणताच आधार सापडला नाही. तो वाचून वाचूनच अंगवळणी पडला.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने आकड्यांविषयी विशेष सावध असले पाहिजे. स्पेनमध्ये आणि दक्षिण अमेरिकेतील बऱ्याच देशांत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, मेक्सिकोत मात्र टिंब वापरतात. म्हणजे २,५ ग्रॅम असे छापलेले दिसले तर ते अडीच ग्रॅम असते. तसेच ‘बियोन’ या शब्दाचा अर्थ एकावर बारा शून्ये असा आहे; आपल्या अब्जासाठी स्पॅनिशमध्ये ‘मिल मियोनेस’ म्हणजे हजार दशलक्ष म्हणतात. इंग्रजीच्या सवयीने वाचणारा इथे हजारपटीने चुकतो.

प्रयोगशाळेची स्पॅनिश शिकणे हा या साऱ्या काळातील सर्वांत आनंदाचा भाग होता. ब्युरेट ‘बुरेता’, पिपेट ‘पिपेता’, परीक्षानळी ‘तुबो दे एन्सायो’, चंबू ‘मात्रास’, आणि मोजपात्र मात्र ‘प्रोबेता’. प्रयोगाची कृती लिहिताना आपल्या जर्नलमध्ये ‘द्रावण तापवावे, दोन थेंब दर्शक घालावा’ अशी वाक्ये असतात. स्पॅनिशमध्ये ‘से’ लावून कर्त्याचा उल्लेख टाळतात: एक थेंब घालायचा असेल तर ‘से आन्यादे’, दोन घालायचे असतील तर ‘से आन्यादेन’. क्रियापद थेंबांच्या संख्येप्रमाणे बदलते. मी माझ्या जर्नलमधील अनुमापनाचे (टायट्रेशनचे) प्रयोग एकेक करून या रचनेत लिहून काढले आणि मॅडमकडून तपासून घेतले. विषय पूर्ण माहितीचा असल्यामुळे सगळे लक्ष भाषेवर देता येत होते. मध्यम स्तरावरच्या विज्ञान विद्यार्थ्याला माझी पहिली सूचना हीच राहील की त्याने लिखाणाच्या सरावासाठी सुट्टीतील सहलीचे वर्णन करण्याऐवजी स्वतःचे जर्नल घ्यावे.

वर्गात प्रत्येकाला एक तोंडी सादरीकरण द्यावे लागे. मी व्हॅनेडियम या मूलद्रव्याचा इतिहास निवडला, कारण त्याचा पहिला शोध स्पॅनिश भाषेच्या जगात लागला होता. माद्रिदमध्ये जन्मलेले अंद्रेस मानुएल देल रिओ हे मेक्सिकोतील खाणकामाच्या विद्यालयात अध्यापक होते. सिमापान येथील शिशाच्या एका तपकिरी खनिजात त्यांना १८०१ मध्ये नवे मूलद्रव्य आढळले. त्याचे क्षार तापवल्यावर लाल होत, म्हणून त्यांनी त्याला ‘एरित्रोनियो’ असे नाव दिले. खनिजाचा नमुना पॅरिसला गेला, तेथील रसायनतज्ज्ञ कोले-देस्कोतिल यांनी तो क्रोमियमच असल्याचा निर्वाळा दिला, आणि देल रिओ यांनी आपला दावा सोडला. पुढे १८३० मध्ये स्वीडनमध्ये सेफस्ट्रॉम यांना तेच मूलद्रव्य लोखंडाच्या खनिजातून नव्याने मिळाले, त्यांनी त्याला व्हॅनेडियम म्हटले, आणि त्यानंतर व्होलर यांनी देल रिओंचे मूलद्रव्य तेच असल्याचे दाखवून दिले.

ही हकिकत सांगताना दोन्ही भूतकाळ पावलोपावली लागतात. शोध लागला, नमुना पाठवला, दावा सोडला या घटना एका रूपात. रंग क्रोमियमसारखे दिसत होते, देल रिओ अध्यापक होते, त्यांना आपल्या निष्कर्षाची खात्री वाटत नव्हती ही पार्श्वभूमी दुसऱ्या रूपात. शेवटी ‘पॅरिसच्या तज्ज्ञाने पुन्हा तपासावे असे देल रिओंना वाटले असेल का’ असा प्रश्न एका वर्गमित्राने विचारला आणि उत्तर देताना मला सुबखुंतिवोच्या भूतकाळी रूपाकडे जावे लागले, जे खरे तर पुढच्या स्तरावर शिकवतात. व्हॅनेडियमच्या निरनिराळ्या ऑक्सिडीकरण अवस्थांचे पिवळा, निळा, हिरवा आणि जांभळा हे रंग मी अकार्बनी रसायनशास्त्रात अभ्यासले होते. पण त्यामागे एका माणसाला नाकारले गेलेले श्रेय आहे हे मला स्पॅनिशच्या वर्गामुळे समजले, आणि त्या मूलद्रव्याकडे मी पूर्वीसारखी कधी पाहू शकले नाही.

पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मी कोल्हापुरी गूळ हा विषय घेतला. करवीर तालुक्यात माझ्या मामांच्या गावी गुऱ्हाळे आहेत आणि चुलवाण, काहील, मळी, काकवी हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. रस उकळताना त्यात भेंडीची झाडे चेचून काढलेला चिकट रस घालतात. त्यातील बहुशर्करा गढूळपणा आणणारे कण धरून ठेवतात, ते मळीच्या रूपाने वर येतात आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. या प्रक्रियेचे रसायनशास्त्र शोधताना इंग्रजीत बरेच वाचायला मिळाले. मग एका रात्री सहज स्पॅनिशमध्ये शोध घेतला आणि समोर कोलंबियाचे दालनच उघडले.

कोलंबियात गुळाला ‘पानेला’ म्हणतात, मेक्सिकोत ‘पिलोन्सियो’ आणि पेरूमध्ये ‘चांकाका’. कोलंबिया हा गुळाच्या मोठ्या उत्पादक देशांपैकी एक आहे आणि तेथील डोंगराळ भागातील असंख्य शेतकरी कुटुंबे त्यावर जगतात. त्यांचे ‘त्रापिचे’ म्हणजे आपले गुऱ्हाळ, ‘पाइला’ म्हणजे काहील, ‘बागासो’ म्हणजे चिपाड आणि ‘काचासा’ म्हणजे मळी. तेही चिपाडाचेच जळण वापरतात, रसाची आम्लता कमी करण्यासाठी चुनाच घालतात, आणि मळी वर आणण्यासाठी ‘ग्वासिमो’, ‘बाल्सो’ किंवा ‘कादियो’ या वनस्पतींच्या सालीचा वा खोडाचा चिकट द्रव वापरतात. वनस्पती वेगळी, काम भेंडीचेच. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून सोडियम हायड्रोसल्फाइट घालण्याचा मोहही दोन्हीकडे सारखाच आहे. कोलंबियाच्या सरकारने पानेलात ते घालण्यास मनाई केलेली आहे. हे सगळे वाचताना मला शब्दकोश लागत होता, पण प्रत्येक वाक्याला लागत नव्हता. रसाचे उकळणे, आटणे, घट्ट होणे आणि ढेपेत ओतणे हा क्रम मला माहीत होता, त्यामुळे पुढच्या वाक्यात काय येणार याचा अंदाज बांधता येई आणि अनोळखी शब्द त्या जागी आपोआप बसत.

दक्षिण अमेरिकेतील संशोधनपत्रिकांचा मोठा भाग ‘सिएलो’ आणि ‘रेदालिक’ या संग्रहांवर विनामूल्य वाचता येतो. ज्या महाविद्यालयाला महागड्या पत्रिकांची वर्गणी परवडत नाही, तेथील विद्यार्थ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. बहुतेक लेखांच्या सुरुवातीला स्पॅनिश आणि इंग्रजी असा दोन्ही भाषांतील गोषवारा असतो. मी आधी स्पॅनिश गोषवारा वाचून त्याचा सारांश मराठीत लिहीत असे आणि मग इंग्रजीशी ताडून पाहत असे. मध्यम स्तरासाठी याहून चांगला वाचन-सराव मला माहीत नाही. प्रकल्पात मी रसाचा सामू आणि फेलिंगच्या द्रावणाने क्षपणकारी शर्करा (ग्लुकोज, फ्रुक्टोज यांसारख्या) मोजल्या. आम्लता जास्त राहिली तर सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होऊन गूळ चिघळतो. कोलंबियन लेखांत या विघटनाची चर्चा इतक्या व्यवहारी भाषेत होती की मामांना ती जशीच्या तशी सांगता आली. ‘म्हंजे त्येंच्याकडं बी आपल्यागत गुऱ्हाळं हाईत म्हण की!’ एवढे बोलून ते थांबले नाहीत. त्या झाडांचे बी इकडे मिळेल का, अशी चौकशी त्यांनी पुढे कितीतरी वेळा केली.

उसाच्याच वाटेने मी लुइस लेलुआर यांच्यापर्यंत पोचले. अर्जेंटिनाच्या या शास्त्रज्ञाला १९७० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वनस्पतींत सुक्रोज तयार होताना यूडीपी-ग्लुकोज या संयुगाचा सहभाग असतो, हे त्यांच्या गटाने १९५० च्या दशकात दाखवले. जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकात हा मार्ग एका आकृतीत संपतो. लेलुआर यांच्या ब्वेनोस आइरेसमधील प्रयोगशाळेविषयी स्पॅनिशमध्ये वाचल्यावर मला प्रथमच जाणवले की ज्या जिल्ह्याचे अर्थकारण साखरेवर उभे आहे, तेथील विद्यार्थ्यांना या माणसाचे नाव शालेय वयातच माहीत व्हायला हवे.

ऐकण्याचा विषय थोडक्यात सांगते. वाचनात पुढे गेलेला विद्यार्थी ऐकण्यात मागे राहतो, कारण बोलताना शब्दांच्या सीमा पुसल्या जातात आणि एका शब्दाचा शेवटचा स्वर पुढच्या शब्दात मिसळतो. कोल्हापुरात यावर एक उत्तम उपाय हाताशी आहे, तो म्हणजे फुटबॉल. पेठापेठांतील संघांच्या सामन्यांना शाहू स्टेडियमवर जी गर्दी लोटते, तिला अर्जेंटिना आणि स्पेनचे खेळाडू तोंडपाठ असतात. २०२२ चा विश्वचषक अर्जेंटिनाने जिंकला त्यानंतर तेथील खेळाडूंच्या मुलाखती मी माझ्या भावासोबत ऐकू लागले. त्याला मजकूर कळावा म्हणून मला भाषांतर करावे लागे आणि त्यातच माझा सराव होई. अर्जेंटिनातील बोलण्यात ‘य’ च्या जागी ‘श’ सारखा उच्चार येतो आणि ‘तू’ साठी ‘बोस’ वापरतात, त्यामुळे पाठ्यपुस्तकातील स्पेनच्या ध्वनिफितींबरोबर हा दुसरा उच्चारही कानाला परिचित झाला. उच्चारात मराठी भाषकाला एक नैसर्गिक सोय आहे: स्पॅनिशचे त आणि द दंत्य आहेत, आपल्यासारखेच.

विद्यापीठाची परीक्षा आणि स्पॅनिश भाषेच्या प्रसारासाठी स्पेन सरकारने स्थापन केलेल्या इन्स्तितुतो सेर्वांतेस या संस्थेची ‘देले’ परीक्षा या वेगळ्या गोष्टी आहेत. देलेच्या बी१ मध्ये वाचनासाठी ७० मिनिटे, ऐकण्यासाठी ४०, लेखनासाठी ६० आणि बोलण्यासाठी १५ मिनिटे असतात. बोलण्याआधी तयारीला आणखी १५ मिनिटे मिळतात. वाचन व लेखन यांचा एक गट आणि ऐकणे व बोलणे यांचा दुसरा, अशी विभागणी असून प्रत्येक गटात ५० पैकी किमान ३० गुण आवश्यक असतात. म्हणजे वाचनातील गुणांनी ऐकण्यातील तूट भरून निघत नाही. ही गोष्ट विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी आधीच लक्षात घ्यावी, कारण त्यांचे वाचन बहुधा बळकट असते आणि बोलण्याला वेळ दिलेला नसतो. देलेचे प्रमाणपत्र कायमस्वरूपी असते. ‘सिएले’ या संगणकावर होणाऱ्या दुसऱ्या परीक्षेच्या निकालाला मुदत असते, मात्र ती देण्याच्या तारखा अधिक सोयीच्या असतात.

मी आधी विद्यापीठाची परीक्षा दिली आणि पदवीचा निकाल लागल्यावर देलेची तयारी सुरू केली. दोन्ही एकाच सत्रात उरकण्याचा सल्ला काहींनी दिला होता. प्रॅक्टिकलच्या परीक्षा तोंडावर असताना तो मी मानला नाही आणि इतरांनाही मानू नये असेच सांगेन. सध्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात आहे. बी२ चा वर्ग कोल्हापुरात सुरू होण्याइतके विद्यार्थी जमलेले नाहीत, म्हणून आम्ही मध्यम स्तर पूर्ण केलेले काही जण शनिवारी संध्याकाळी राजारामपुरीत एकाच्या घरी जमून पानेलावरचे लेख मोठ्याने वाचतो आणि त्यावर स्पॅनिशमध्ये चर्चा करतो. आमच्यात एक जण उद्यमनगरच्या फाउंड्रीत काम करतो. पुढच्या वेळी ओतकामावरचा लेख तो आणणार आहे.